वेगळेपण मोजायचं कशानं? परभणीचं शिवार आणि डीएनएची काचपट्टी

समोर टेबलावर ज्वारीची दोन कणसं ठेवली आहेत, मागच्या रांगेपर्यंत दिसत असतील अशी आशा आहे. एक मालदांडीचं, दुसरं परभणी मोतीचं. व्याख्यान सुरू होण्याआधी पुढच्या रांगेतल्या काही जणांना आम्ही विचारलं, की यातलं कुठलं कोणतं ते ओळखा. ज्यांनी शेती केली आहे त्यांनी दाणा चिमटीत धरला, दाताखाली फोडला, उजेडात पाहिला आणि मग उत्तर दिलं. ज्यांनी केलेली नाही ते म्हणाले, दोन्ही सारखीच दिसतात की! आजचा आपला विषय या दोन उत्तरांच्या मधोमध बसलेला आहे. दोन वाणं सारखी की वेगळी, हे ठरवायचं कोणी, आणि कशानं?

या प्रश्नाला गेल्या शंभर वर्षांत वेगवेगळी उत्तरं मिळाली. त्यातलं एक महत्त्वाचं उत्तर २००१ साली ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा इथे, काचेच्या एका छोट्या पट्टीवर लिहिलं गेलं. पण आपण तिथून सुरुवात करणार नाही. आपण परभणीहून निघू, कारण ती काचपट्टी ज्या अडचणीसाठी तयार झाली, ती अडचण परभणीच्या शेतात फार आधीपासून उभी होती.

डोळा हेच यंत्र

मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० साली सुरू झाली आणि परभणी त्या मार्गावर आली. कापूस बाहेर जायला लागला. नांदेड-परभणीकडचा गावरानी कापूस, म्हणजे देशी कापसाचा एक प्रकार, बाजारात नावाने ओळखला जात होता. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९१८ मध्ये परभणीला संस्थानाचं मुख्य प्रायोगिक शेत सुरू झालं. मराठवाड्यातल्या शेतीसंशोधनाची सुरुवात आपण तिथून धरतो.

त्या काळात संशोधन म्हणजे काय होतं? शेतात उभं राहायचं. हजारो झाडांतून एखादं वेगळं दिसणारं झाड हेरायचं, त्याचं बी बाजूला ठेवायचं, पुढच्या वर्षी वेगळ्या ओळीत पेरायचं, पुन्हा निवडायचं. उंची, पान, बोंड, दाण्याचा रंग, पक्व व्हायला लागणारे दिवस. डोळा हेच यंत्र. या पद्धतीला कमी लेखू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेलं 'एम ३५-१' हे वाण याच पद्धतीचं फळ आहे. ते स्वातंत्र्यापूर्वीचं आहे आणि आजही रब्बी ज्वारी म्हटलं की शेतकऱ्याच्या तोंडी पहिलं नाव मालदांडीचंच येतं. भाकरी गोड, कडबा चांगला, आणि पाऊस संपल्यावर जमिनीतल्या ओलीवर उभं राहायची ताकद.

पण डोळ्याची एक मर्यादा आहे. डोळा जे दिसतं तेच मोजतो. एकाच वाणाची दोन झाडं, एक भारी काळ्या जमिनीत आणि एक मुरमाड उतारावर लावली, तर ती वेगवेगळी दिसतात. उलट दोन अगदी लांबची वाणं एकसारखी दिसू शकतात. मग नात्याचा आणि दिसण्याचा संबंध किती?

१९७२: एकाच वर्षातल्या चार गोष्टी

आता एका सालावर थोडं थांबू. १९७२. मराठवाड्यातल्या वयस्क माणसाला हे साल सांगावं लागत नाही. दुष्काळ. खडी फोडायची कामं, सुकडी, गावोगावचं स्थलांतर.

त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणतात. त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, कोरडवाहू पिकांसाठी. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. म्हणजे अगदी आपलीच पिकं. आणि त्याच वर्षी हार्लन आणि डी वेट या दोन अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या ज्वारीचं पाच मुख्य वंशांत वर्गीकरण मांडलं: बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर आणि डुर्रा. आपली मालदांडी डुर्रा वंशातली. हे वर्गीकरण कशावर केलं? दाणा आणि त्याच्या टरफलाच्या आकारावर. म्हणजे पुन्हा डोळाच, फक्त जास्त शिस्तीतला.

आता ही घाई का होती, ते लक्षात घ्या. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. खरिपात संकरित ज्वारी झपाट्याने पसरली. उत्पादन वाढलं, दुष्काळात ते गरजेचंही होतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण शेतकऱ्याने नवी पिशवी घरात आणली की जुनं मडकं रिकामं होतं. हुरड्याची गूळभेंडी, सुरती, दगडी, लाह्यांची वेगळी ज्वारी, ही वाणं कुणी ठरवून संपवली नाहीत. त्यांचं पुढच्या वर्षीचं बी ठेवायचं राहून गेलं, एवढंच. म्हणून जनुकपेढ्या उभ्या राहिल्या. इक्रिसॅटच्या पेढीत आज ज्वारीचे ३५,००० हून अधिक आणि तुरीचे १३,००० हून अधिक नमुने आहेत.

आणि इथे अडचण सुरू झाली. तेरा हजार पाकिटं थंड खोलीत ठेवली. पण त्यातली वेगळी किती? एकाच वाणाला दहा गावांत दहा नावं असतात, आणि एका नावाखाली दहा वाणं असतात. पैदासकाराला संकरासाठी दोन लांबचे आईबाप हवे असतात. लांबचे म्हणजे कोणते, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

परभणी क्रांतीने शिकवलेला धडा

लांबचं नातं किती मोलाचं असतं, याचं उत्तम उदाहरण परभणीतच घडलं. आपण रोज खातो ती भेंडी. भेंडीवर पिवळ्या शिरांचा रोग येतो, शेतकरी त्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात. पांढरी माशी तो पसरवते. पानाच्या शिरा पिवळ्या होतात, मग सगळं पान पिवळं, फळं फिकट आणि वाकडी. दिल्लीच्या संशोधन संस्थेतून आलेलं पुसा सावनी हे वाण सुरुवातीला रोगाला तोंड देत होतं, पण पुढे तेही बळी पडू लागलं.

परभणीच्या विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी उपाय भेंडीत शोधला नाही, तो भेंडीच्या रानटी नातलगात शोधला. ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट ही ती जात. पुसा सावनीशी तिचा संकर केला. दोन वेगळ्या जातींचा संकर म्हणजे संततीत वांझपणा येणार, दाणे नीट भरणार नाहीत. म्हणून संततीचा पुन्हा भेंडीशी संकर करत, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत ते पुढे गेले. १९८१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की ही प्रतिकारशक्ती एका प्रभावी जनुकावर चालते. आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर 'परभणी क्रांती' हे वाण आलं. देशभर भाजीवाल्यांच्या टोपल्यांत परभणीचं नाव पोचलं ते या भेंडीने. पुढे रोग आणि माशी दोन्ही बदलत गेले, आणि परभणी क्रांतीची ढालही पहिल्यासारखी राहिली नाही. हेही सांगायला हवं, कारण त्याचा अर्थ एवढाच की रानटी नातलगाकडे पुन्हा जावं लागणार.

धडा असा: पिकाच्या घरात जे नाही, ते भावकीत मिळू शकतं. पण भावकी ओळखायची कशी? जांभळे-नेरकरांना त्यासाठी वर्षानुवर्षं शेतात उभं राहावं लागलं.

डोळ्याकडून डीएनएकडे

आता प्रयोगशाळेत जाऊ. १९८० मध्ये बॉटस्टाईन आणि सहकाऱ्यांनी सुचवलं, की डीएनए ठरावीक ठिकाणी कापणारी विकरं वापरा. दोन जीवांत तुकड्यांची लांबी वेगळी निघाली तर ती एक खूण धरा. पुढे पीसीआर आलं. १९९० मध्ये आरएपीडी, १९९५ मध्ये एएफएलपी, मधल्या काळात सूक्ष्म-पुनरावृत्तीच्या खुणा, ज्यांना एसएसआर म्हणतात. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांत एम.एस्सी. केलेल्या कुणालाही विचारा, जेलच्या पाटीवरच्या पट्ट्या मोजण्यात त्यांची किती संध्याकाळ गेली.

या सगळ्या पद्धतींत दोन अडचणी होत्या. एक, खुणा एकेक करून बघाव्या लागत. शंभर खुणांसाठी शंभरदा काम. दुसरी अडचण मोठी. चांगल्या खुणा बनवायच्या तर त्या पिकाच्या डीएनएचा क्रम आधी माहीत हवा. भात, मका यांच्यासाठी जगात पैसा होता. तुरीसाठी कोण क्रम वाचणार होतं? अशा पिकांना तेव्हा 'अनाथ पिकं' म्हणत. आपल्या रोजच्या वरणाला अनाथ म्हटलेलं ऐकून आम्हाला जरा लागतंच, पण निधीच्या हिशेबात ते खरं होतं.

१९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी काचेवर डीएनएचे ठिपके मांडून एकाच वेळी वाचायची रीत दाखवली. तिला मायक्रोॲरे म्हणतात. आणि २००१ मध्ये कॅनबेराला आंद्रेय किलियान आणि सहकाऱ्यांनी ती रीत वेगळेपण मोजायला वापरली. नाव ठेवलं डायव्हर्सिटी ॲरेज टेक्नॉलॉजी, थोडक्यात डार्ट. पहिला प्रयोग भातावर. खास गोष्ट ही, की डीएनएचा क्रम आधी माहीत असायची गरजच नाही.

हे कसं जमलं? नीट बघा, अवघड नाही. समजा आपल्याला तुरीची काचपट्टी करायची आहे. बरीच वेगवेगळी वाणं आणि रानतुरी घ्यायच्या, सगळ्यांचा डीएनए एकत्र करायचा. तो दोन विकरांनी कापायचा. एक क्वचित कापणारं, एक वारंवार कापणारं. क्वचित कापणाऱ्याच्या टोकांना जोडपट्ट्या लावायच्या आणि फक्त ज्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी जोडपट्टी शाबूत आहे, तेवढेच पीसीआरने वाढवायचे. अशाने अफाट डीएनएमधून एक आटोपशीर भाग हाती येतो. हे तुकडे जिवाणूंत ठेवून वेगवेगळे करायचे आणि यंत्राने काचेवर ठिपक्यासारखे मांडायचे. हजारो ठिपके, प्रत्येक ठिपका एक तुकडा.

आता एक वाण घ्या. त्याचा डीएनए त्याच रीतीने कापा, वाढवा, त्याला चमकणारा रंग लावा आणि काचेवर ओता. ज्या ठिपक्याचा जोडीदार त्या वाणात आहे तो उजळतो, नाही तो काळा राहतो. आहे किंवा नाही. एका झटक्यात शेकडो खुणांची हजेरी लागते. पट्टीवर जे ठिपके सगळ्याच वाणांत उजळतात ते आपल्या कामाचे नाहीत. काहींत उजळतात आणि काहींत नाही, त्याच खुणा. दोन वाणांच्या हजेरीपटात किती ठिकाणी फरक आहे हे मोजलं, की त्यांचं अंतर मिळालं. त्या अंतरांवरून भावकीचं झाड काढता येतं.

तुरीचा हजेरीपट

२००६ मध्ये तुरीचा असा हजेरीपट प्रसिद्ध झाला. यांग, किलियान आणि सहकाऱ्यांनी तुरीच्या कुळातल्या सुमारे २० जातींचे ९६ नमुने तपासले. जवळजवळ ७०० खुणा मिळाल्या. त्यातल्या लागवडीखालच्या तुरींमध्ये आपापसांत फरक दाखवणाऱ्या खुणा किती असतील? फक्त ६४. म्हणजे शंभरात साधारण नऊ. उरलेला सगळा फरक रानतुरींमध्ये, किंवा रानतूर आणि शेतातली तूर यांच्यामध्ये.

या आकड्याकडे मराठवाड्यातून बघा. तूर आपलं हुकमी पीक. जालना जिल्ह्यातलं बदनापूरचं केंद्र परभणीच्याच विद्यापीठाचं. तिथून लाल दाण्याची बीएसएमआर ७३६, पांढऱ्या दाण्याची बीएसएमआर ८५३, आणि पुढे बीडीएन ७११ अशी वाणं आली. मर आणि वांझ या दोन रोगांना तोंड देणारी वाणं हवी होती म्हणून ती झाली. बीएसएमआरमधला एसएम म्हणजे वांझ रोगच. शेतकऱ्याला ही वाणं वेगवेगळी दिसतात, आणि वेगवेगळी आहेतच. पण त्यांच्या खालचं मूळ किती अरुंद आहे, ते काचेने सांगितलं. उद्या नवा रोग आला तर हाती असलेल्या तुरींतून उत्तर निघेलच असं नाही. भेंडीसारखं भावकीत जावं लागेल. इक्रिसॅटने तुरीचं संकरित बियाणं करताना केलंही तसंच: त्यासाठी लागणारा नर-वांझपणा कजॅनस कजॅनिफोलियस या रानटी जातीतून आणला.

२००८ मध्ये ऑस्ट्रेलियात एमा मेस आणि सहकाऱ्यांनी ज्वारीचीही डार्ट पट्टी केली. ९० वाणं, ५०० हून अधिक खुणा, आणि नव्वदच्या नव्वद वाणं एकमेकांपासून वेगळी ओळखता आली. आठवा, हे हार्लन आणि डी वेट यांच्या टरफलावरच्या वर्गीकरणानंतर ३६ वर्षांनी.

पुढची वाट वेगाची आहे. २००९ मध्ये ज्वारीचा जनुकसंच वाचून झाला. २०११ मध्ये तुरीचा, 'आशा' या वाणावरून. तूर आता अनाथ राहिली नाही. मग क्रम माहीत असल्यावर एकेका अक्षराचा फरक पकडणाऱ्या चिप आल्या: इक्रिसॅटच्या चमूने २०१८ मध्ये पन्नास हजारांवर खुणांची, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ६२ हजार खुणांची तुरीची चिप प्रसिद्ध केली. डार्टनेही काच सोडून थेट क्रम वाचायची रीत धरली.

काचेला काय दिसत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. काचपट्टीवर तेच ठिपके असतात, जे आपण सुरुवातीला त्या मिश्रणात घातले. समजा पाथरी किंवा जिंतूर तालुक्यातलं एखादं जुनं वाण त्या मिश्रणात नव्हतं. त्या वाणात असा एखादा तुकडा आहे, जो दुसऱ्या कशातच नाही. काचेवर त्याचा ठिपकाच नाही. तुम्ही ते वाण तपासायला दिलंत तर काच काय सांगेल? काही खास नाही, ओळखीचंच दिसतंय. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. क्रम वाचून केलेल्या चिपलाही हीच अट लागू पडते: ज्या वाणांतले फरक आधी गोळा केले, तेच तिच्यावर चढतात. शाळेच्या पटावर ज्याचं नावच नाही, त्याची गैरहजेरी कोणी मांडत नाही.

तुरीच्या त्या ६४ च्या आकड्यालाही हे लागू आहे. मिश्रणात रानतुरी भरपूर होत्या, म्हणून त्यांचे फरक जास्त दिसले. निष्कर्ष चुकला असं आम्ही म्हणत नाही. तुरीचं मूळ अरुंद आहे हे इतर पद्धतींनीही दिसलं आहे. पण आकडा वाचताना मिश्रण कोणतं होतं हे विचारायची सवय हवी.

मग डोळा बरा आणि काच वाईट, असं आहे का? मुळीच नाही. २०१८ मध्ये परभणीच्या विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' ही ज्वारी आणली. दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त. लोह किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम. हा फरक कोणत्या आजीला भाकरी चाखून कळला असता? डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही, आणि नुसत्या हजेरीपटावरूनही कळत नाही. तो दाणा तपासूनच कळतो. उलट परभणीच्याच 'परभणी वसंत' या हुरड्याच्या वाणाची गोडी आगटीभोवती बसूनच कळते. प्रत्येक मापाला आपापलं दिसतं.

आणि हा प्रश्न फक्त शास्त्राचा नाही. २००१ साली, म्हणजे डार्टच्याच वर्षी, आपल्या संसदेने वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्यात शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क आहे. शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी करता येते. आणि एखाद्याच्या नव्या वाणात गावकऱ्यांनी सांभाळलेलं वाण वापरलं गेलं असेल, तर त्यांना लाभातला वाटा मागता येतो. पण मागायचा कशाच्या जोरावर? नोंदणीची कसोटी मुख्यतः दिसणाऱ्या लक्षणांवर चालते. डीएनएची खूण पुरावा म्हणून फार ताकदीची आहे. फक्त त्यासाठी गावाचं वाण आधी कुठेतरी पेढीत, कुठल्यातरी मिश्रणात, कुठल्यातरी पटावर असलं पाहिजे. जे वाण नोंदीआधीच संपलं, त्याच्या वतीने कोणतीही काच साक्ष देऊ शकत नाही.

मराठवाड्यात गेल्या काही दशकांत खरिपाची ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन पुढे आलं. शेतकऱ्याने त्याच्या हिशेबाने ते केलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण जिथे ज्वारीच पेरली जात नाही, तिथे ज्वारीचं घरचं बी राहणार नाही, हे मात्र उघड आहे.

म्हणून शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. तुमच्यापैकी कुणाच्या गावी, कुणाच्या मामाकडे, आजीच्या कोठीत हुरड्याचं, लाह्यांचं, किंवा नुसतंच 'आमचं घरचं' म्हणून ठेवलेलं बी असेल, तर ते परभणीच्या विद्यापीठाकडे किंवा अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोचं केंद्र आहे, तिथे पोचवा. सोबत एका कागदावर लिहा: गावाचं नाव, घरात त्याला काय म्हणतात, आणि ते कशासाठी राखलं. ही तिसरी गोष्ट कोणत्याही काचपट्टीवर उमटत नाही, ती फक्त राखणाऱ्यालाच माहीत असते.

आता ही दोन कणसं पुढून मागे फिरवू या. दाणा फोडून बघायला हरकत नाही. तोवर ज्यांचे प्रश्न असतील त्यांनी हात वर करावेत.